‘एकच प्याला’ आणि माझं राहिलेलं उत्तर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला ‘शाळेनं मला काय दिलं’ आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. यादी करायला बसलो तर पंधरा मिनिटं नुसत्या छड्यांनाच लागतील. म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आपण नववीत होतो तेव्हा, १९८५ च्या पावसाळ्यात, बाईंनी शनिवारच्या शेवटच्या तासाला आपल्याला एक नाटक वाचून दाखवलं होतं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. ते आपल्या अभ्यासाला नव्हतं आणि परीक्षेत त्यावर एका गुणाचाही प्रश्न येणार नव्हता. तरी पत्र्यावर पाऊस वाजत असताना अख्खा वर्ग कान देऊन बसायचा. शनिवारी शाळा लवकर सुटते, पण त्या दिवसांत घंटा झाली तरी कुणी दप्तर उचलत नसे.

बाईंची ती प्रत आठवते? पुठ्ठा निघालेली, वर खाकी कागद, आणि पानं सुटू नयेत म्हणून सुतळीनं बांधलेली. ती त्यांनी एकटीनं कधीच वाचली नाही. पात्रं वाटून दिली. सुधाकर कुणी वाचायचा यावरून भांडणं झाली. सिंधू वाचायला मात्र पहिले दोन शनिवार एकही मुलगी तयार होईना, कारण सिंधूला रडावं लागतं. तळीराम ज्यानं वाचला तो आपला मित्र आज इथं बसलाय. त्यानं तो इतका झकास वाचला की दहावी होईपर्यंत त्याला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. बिचारा आजही चहासुद्धा घेत नाही! बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की ‘तळीराम’ हे एका पात्राचं नाव होतं आणि आता मराठीत कुठल्याही दारुड्याला लोक तळीराम म्हणतात. लेखकाचं यश याहून मोठं ते काय असणार?

पहिल्या तासाला बाईंनी गडकऱ्यांची ओळख करून दिली. गोविंदाग्रज या नावानं कविता लिहिणारे, बाळकराम या नावानं पोट धरून हसवणारे आणि ही शोकांतिका लिहिणारे गडकरी हा एकच माणूस. ते १९१९ च्या जानेवारीत गेले, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी. त्याच वर्षी, ते गेल्यानंतर, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला हे नाटक रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर झाले. नाटकातली पदंसुद्धा गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. हे सगळं सांगून बाई म्हणाल्या, “म्हणजे आपलं नाटक लेखकानं रंगमंचावर पाहिलंच नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते विचारायची सोय नाही. म्हणून मी तुम्हालाच विचारणार आहे.”

आणि खरोखरच त्या विचारत गेल्या. दर शनिवारी वाचन संपलं की फळ्यावर एक प्रश्न. उत्तर त्या कधीच सांगत नसत. नियम एकच होता. काय वाटेल ते म्हणा, पण ते नाटकात कुठं आहे ते दाखवा. ‘मला वाटतं’ म्हणून कुणी उभं राहिलं की बाई म्हणायच्या, “वाटू दे. पान कितवं?”

पहिला प्रश्न होता, नावातला ‘एकच प्याला’ म्हणजे नेमका कोणता? आम्हाला तो फारच सोपा वाटला. सुधाकर हुशार वकील. कोर्टात त्याचा मानभंग होतो, सहा महिन्यांसाठी सनद जाते, आणि तळीराम त्याला दुःख विसरायला म्हणून पहिला प्याला देतो. तो प्याला, झालं! पण मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, शेवटी तो विष घालून पितो, तोही एकच प्याला आहे.” मग तिसरा एक जण म्हणाला, पहिला नाही आणि शेवटचाही नाही, मधला प्रत्येक प्याला एकच असतो, कारण दारुडा दर वेळी ‘एकच’ म्हणूनच घेतो. त्या दिवशी बाई नुसत्या हसल्या आणि फळा पुसला. दोन शब्दांत तीन अर्थ बसू शकतात आणि तिन्ही खरे असू शकतात, हे मला चौदाव्या वर्षी कळलं. गणिताच्या सरांनी माफ करावं, पण त्या वयात ते फार सुखाचं होतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. सुधाकरच्या नाशाला जबाबदार कोण? दारू, असं निम्मा वर्ग म्हणाला. तळीराम, असं काही जण म्हणाले. एकानं न्यायाधीशाला धरलं. एक मुलगी म्हणाली, “त्याचा ताठा.” तिनं पान काढून दाखवलं. सुधाकर स्वतः कफल्लक होतो, पण सिंधूकडून वचन घेतो की माहेरची पैसुद्धा घरात आणायची नाही. माहेर श्रीमंत, भाऊ पद्माकर मदतीला तयार, आणि ही दळणं दळून मूल जगवते. म्हणजे दारू त्याची आणि ताठाही त्याचाच, पण दोन्हीची किंमत तिनं मोजायची. मग आणखी एक मुद्दा निघाला. मध्यंतरी सुधाकर खरंच शुद्धीवर येतो, दारू सोडतो, काम मागायला ओळखीच्यांकडे जातो. तिथं त्याला काम मिळत नाही, अपमान मिळतो. तो परत बाटलीकडे वळतो. बुडणाऱ्याला वर यायचं होतं तेव्हा काठावर कोण होतं?

मी त्या दिवशी तावातावानं उठलो आणि म्हणालो की दोष फक्त दारूचा आहे, माणसाचा नाही. सुधाकर मुळात चांगलाच आहे. मी इतका ओरडून बोललो की बाईंनी मला पाणी प्यायला पाठवलं. तुम्ही सगळे हसलात. मला त्या वेळी वादात हरायचं नव्हतं एवढंच तुम्हाला वाटलं असणार. मी का ओरडत होतो ते पुढं येईलच.

मग आला शेवटचा अंक. त्या शनिवारी वर्गात कुणी हसलं नाही. नशेत सुधाकरचा हात उठतो, तान्हं मूल जातं, सिंधू मरणाला टेकते. फौजदार येतो. सिंधूला विचारतो. आणि मरता मरता सिंधू खोटं सांगते. नवऱ्यानं काही केलं नाही, अपघात झाला, असं सांगते. बाईंनी पुस्तक मिटलं, सुतळी बांधली आणि फळ्यावर लिहिलं, “सिंधू खोटं बोलली ते बरोबर केलं का? घरून लिहून आणा.”

सोमवारी नुसता कल्लोळ होता. कुणी म्हणालं, पतिव्रतेनं हेच करायचं असतं. कुणी म्हणालं, हाच तर तिचा दोष, तिनं पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर मूल वाचलं असतं. एकानं फार सुंदर मुद्दा मांडला. तिनं त्याला फासापासून वाचवलं, पण तो वाचला का? नाही, त्यानं विष घेतलंच. म्हणजे तिचं खोटं वायाच गेलं. त्यावर दुसरा म्हणाला, वाया गेलं नाही. सगळ्या नाटकात कुणाच्या उपदेशानं जे झालं नाही ते तिच्या त्या वाक्यानं झालं, आपण कुणाला मारलं ते सुधाकरला दिसलं. मला आजही ठरवता येत नाही यातलं कोणाचं बरोबर होतं. तुम्हाला येत असेल तर जेवताना सांगा.

मी मात्र ठरवून आलो होतो. चार पानं लिहिली होती. सिंधूनं केलं तेच योग्य, घरातलं घरात राहिलं पाहिजे, बाहेरच्या माणसाला आत येऊ देणं म्हणजे घर मोडणं. मुद्दे क्रमानं, पान क्रमांकांसह. बाईंनी वही तपासून दिली. खाली लाल शाईत लिहिलं होतं, “मांडणी उत्तम. पण मग गीतेचं काय?”

गीता म्हणजे तळीरामाची बायको. नवऱ्याबद्दल सडेतोड बोलणारी. सिंधूचा नवरा पितो तसा तिचाही पितो, सिंधू सोसते तसं तिलाही सोसावं लागतं, पण ती गप्प बसत नाही. ती बोलायला लागली की आपण सगळे हसायचो. चार पानं लिहिताना मला ती एकदाही आठवली नव्हती. आता मला वाटतं, गडकऱ्यांनी एकाच नाटकात, एकाच दुःखावर दोन बायकांची दोन उत्तरं ठेवली. सिंधूच्या उत्तरावर प्रेक्षक रडतात आणि गीतेच्या उत्तरावर हसतात. त्यात लेखकाचं मन कुणाकडे होतं? रडवणाऱ्या गोविंदाग्रजांचं एक आणि हसवणाऱ्या बाळकरामांचं दुसरं, असं तर नव्हतं? बघा, चाळीस वर्षं होत आली, अजून मी पान शोधतोय.

तर त्या दिवशी वही घेऊन मी निघालो, तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी बाईंनी मला थांबवलं. आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. आणि हळूच विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना रे?”

मित्रांनो, हे मी तुमच्यापैकी कुणालाही कधी सांगितलं नाही. माझे बाबा प्यायचे. एका कचेरीत कारकून होते. महिन्याचे पहिले दहा दिवस आमच्या घरात एक माणूस असायचा आणि उरलेले वीस दिवस दुसरा. ज्या शनिवारी आपण शेवटचा अंक वाचला, त्याच्या दोन दिवस आधी आईच्या हाताला पट्टी होती. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, “न्हाणीघरात पाय घसरला.” मी दारात उभा होतो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आता कळलं असेल मी कशासाठी ओरडत होतो. दारू वाईट, माणूस चांगला, हे मला नाटकातून सिद्ध करून हवं होतं. आणि सिंधूचं खोटं बरोबर ठरलं असतं तर माझी ती मान डोलावणंही बरोबर ठरलं असतं. मी नाटकाचा अर्थ लावत नव्हतो, नाटकाकडून सुटका मागत होतो. बाईंनी चार पानं वाचली आणि मुद्द्यांच्या मागचा मुलगा त्यांना दिसला.

मी काय उत्तर दिलं? “हो बाई. सगळं ठीक आहे.” आणि पळालो.

घरी गेल्यावर वही तशीच उघडी राहिली. आई चौथी शिकलेली, पण ‘एकच प्याला’मधली पदं तिनं रेडिओवर कितीदा ऐकलेली. तिनं माझी चार पानं हळूहळू, बोट ठेवून वाचली. मला वाटलं, शाबासकी देईल. मी तिचीच तर बाजू घेतली होती. तिनं वही मिटली आणि म्हणाली, “सिंधूला निदान फौजदारानं विचारलं तरी. तेही शेवटच्या अंकात. त्याच्या आधी कुणी विचारलं का तिला?”

एवढंच बोलून ती पोळ्या करायला गेली. बाईंच्या तासाला इतके वाद झाले, पण हा मुद्दा एकालाही सुचला नव्हता. तुम्ही नाटक पुन्हा वाचून पाहा. सिंधूभोवती सज्जनांची काय कमी आहे? भाऊ आहे, रामलालसारखा जिवाचा मित्र आहे, नणंद शरद आहे. सगळ्यांना कळवळा आहे. सगळे सुधाकरला समजावतात, दारूवर बोलतात, नशिबाला दोष देतात. पण सिंधूला एकटीला बाजूला घेऊन, ‘तुला काय हवंय?’ असं कोण विचारतं? तिच्या तोंडून अधिकारानं उत्तर मागितलं जातं ते मूल गेल्यावर आणि ती जायला निघाल्यावर. मग ती खरं बोलते की खोटं, यावर आपण वाद घालतो. प्रश्नच उशिरा आला, तर उत्तराला काय अर्थ राहतो? माझ्यापुरती या नाटकाची शोकांतिका तिथं आहे.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. मी डॉक्टर झालो नाही, तेवढे गुण नव्हते. गेली तीस वर्षं मी सरकारी रुग्णालयांत एक्स-रे तंत्रज्ञ आहे. आमच्या खोलीचा एक नियम असतो. किरणं सुरू करण्याआधी रुग्णाशिवाय सगळ्यांनी बाहेर जायचं. नवऱ्यानं, सासूनं, सगळ्यांनी. तो नियम किरणांसाठी आहे, पण कित्येक बायकांच्या दिवसातली ती एकच वेळ असते जेव्हा त्यांच्याजवळ घरचं कुणी नसतं.

माणूस पडतो तेव्हा बहुधा तळहात टेकतो, आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. पण वरून येणारा घाव अडवायला हात आडवा धरला, तर मोडतं ते कोपर आणि मनगट यांच्या मधलं, करंगळीच्या बाजूचं हाड. कागदावर लिहिलेलं असतं ‘पडून’, आणि फिल्मवर दिसतं वेगळंच. आता मी बाईंचा विद्यार्थी. नुसतं ‘मला वाटतं’ म्हणून चालत नाही. फिल्मसुद्धा नाटकासारखीच असते, एकाच खुणेचे दोन अर्थ निघतात. खरोखर पडूनही तसं हाड मोडू शकतं. म्हणून मी निकाल देत नाही. मी सिस्टरना आत बोलावतो, दार लोटतो, आणि सिस्टर विचारतात, “ताई, कसं लागलं? इथं कुणी नाहीये.”

बहुतेक जणी म्हणतात, “पडले.” मग सिस्टर म्हणतात, “बरं. पुन्हा कधी वेगळं सांगावंसं वाटलं तर मी इथंच असते.” काही जणी पुढच्या वेळी सांगतात. काही जणी कधीच सांगत नाहीत. पण विचारलं होतं, हे त्यांना माहीत असतं. आज त्यासाठी वाटाही आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र निघालं. माझ्या आईच्या वेळी यातलं काही नव्हतं. होत्या त्या फक्त शेजारच्या काकू आणि शाळेतल्या बाई.

बाबा १९९८ मध्ये गेले. दारू सुटली नाही. मध्यंतरी दोनदा सोडली होती. दुसऱ्या वेळी तर सात महिने. सुधाकर काम मागायला जातो ते पान मी आता मोठ्यानं वाचू शकत नाही. तेव्हा मला माणूस निर्दोष ठरवायचा होता. नंतर काही वर्षं मला तो पुरता गुन्हेगार ठरवायचा होता. आता दोन्हीचा हट्ट राहिला नाही. त्यांनी मारलं हे खरं आहे, आणि त्यांना सोडायची होती हेही खरं आहे. एकामुळे दुसरं पुसलं जात नाही. हे सांगायला मला शोकांतिकेसारखी दुसरी जागा सापडली नाही.

हे भाषण करण्याआधी मी आईला विचारलं. तिचं वय आता एक्याऐंशी. म्हटलं, “शाळेत सगळ्यांसमोर सांगू का?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “सांग. पण तुझ्या बाबांचं अक्षर मोत्यासारखं होतं, तेही सांग.”

तर मित्रहो, माझ्या बाबांचं अक्षर मोत्यासारखं होतं. आईचं हे वाक्य सिंधूचं की गीतेचं, हे तुम्हीच ठरवा. पण या वेळी ती खोटं बोलली नाही, आणि तिला कुणीतरी आधी विचारलं होतं.

आपल्यापैकी बरेच जण आता शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, कुणी पोलिसात आहे, कुणी सोसायटीचे अध्यक्ष आहेत आणि सगळेच कुणाचे ना कुणाचे शेजारी आहेत. शाळेला आज आपण संगणक देतोय, पाण्याचं यंत्र देतोय, फार चांगलं. माझी एक छोटी मागणी आहे. वाचनालयाला ‘एकच प्याला’च्या चाळीस प्रती द्याव्यात, आणि शनिवारचा एक तास परीक्षेबाहेरचा ठेवावा. फळ्यावर लिहायचे प्रश्न बाईंकडे आहेतच.

आणि बाई, १९८५ मध्ये पाण्याच्या टाकीपाशी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर चुकीचं दिलं होतं. ते दुरुस्त करायचं राहून गेलं. नव्हतं, बाई. घरी ठीक नव्हतं. पण तुम्ही पहिल्याच अंकात विचारलंत.